केबिनची लांबी

पुतण्याला खोल समुद्रात मासेमारीसाठी, रात्री वस्तीला राहता येईल अशी फायबरची मध्यम होडी घ्यायची आहे. आज कारखान्यात तो इंजिनाची चौकशी करत होता. तेवढ्यात माझा अडुसष्ट वर्षांचा धाकटा भाऊ एका होडीच्या केबिनमध्ये शिरला आणि चक्क आडवा झाला.

"दादा, ह्यात पाय सरळ होतत रे!"

मी वरमलो. आमच्या लाकडी होडीत तो वीस वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपला. सुताराचं माप चुकलं, असं मी गावभर सांगितलं होतं. खरं तर बर्फाला जागा वाढावी म्हणून केबिन मीच आखूड करवली होती. होडी बांधताना आम्ही मासळीची जागा मोजायचो. झोपणाऱ्या माणसाची लांबी कुणी मोजत नसे.

आज त्याला हे सगळं सांगितलं.

"माका ठावक होता," तो पडल्या पडल्याच म्हणाला. "सुतारानच सांगल्यान, तेव्हाच."

"मग बोललंस नाय कित्याक?"

"बोलान काय होडी लांब झाली असती?"

सुतार आता नाही. त्याचं माप अचूक होतं, हे मी इथे लिहून ठेवतो. त्या दोघांनी मला इतकी वर्षं गावात मान वर करून चालू दिलं.