मळा आला का रे?

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बायकोचं सोडा, देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हाही हा विषय टाळतो — जणू त्याला ठाऊकच नसेल. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ कशी चालते, ते पुढे कळेलच.

बसच्या एका थांब्याच्या नावाची गोष्ट आहे. हसू नका. तेव्हा मीही हसलोच होतो.

मखमलाबादच्या पुढे आमचा मळा होता. पेरूचा मळा. झाडं आजोबांनी लावलेली. रस्ता मळ्याला लागूनच जायचा आणि कडेच्या एका मोठ्या पेरूखाली बस थांबायची. सुरुवातीला ना पाटी, ना शेड. कंडक्टर दारातून ओरडायचा, "मळा, मळा! मळ्यावाले चला!" पुढे पाटी लागली, तिच्यावरही 'पेरूचा मळा' असंच आलं. आम्ही पोरं शाळेत ऐटीत सांगायचो, आमच्या नावाचा स्टॉप आहे म्हणून.

मग शहर वाढत वाढत आमच्या बांधाला येऊन टेकलं. वडील गेल्यावर माझा हिस्सा मी बिल्डरला दिला आणि त्याच जागेवरच्या इमारतीत फ्लॅट घेतला. स्कीमचं नाव 'ब्लू ऑर्चर्ड हाइट्स'. बाग तोडायची आणि बागेचंच इंग्रजी नाव लावायचं, ही अक्कल कुणाची कोण जाणे. निळं तर तिथे काहीच नाही. पोहण्याचा तलावसुद्धा अजून कोरडा आहे.

माझ्या चुलतीने मात्र तिचा तुकडा विकला नाही. तिला सगळेच जिजी म्हणायचे. काका लवकर गेले, एकुलती मुलगी सुनंदा देवळ्याला दिलेली. आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जिजीचं दोन खोल्यांचं घर आणि थोडी मेथी-कोथिंबीर. सकाळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीत जायची, जुड्या विकून दुपारच्या बसने परत यायची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. पण बसमध्ये तिला डोळे लागत नसत — ती कानाने उतरायची. जवळ आल्यासारखं वाटलं की विचारायची, "मळा आला का रे?" कंडक्टर म्हणायचा, "आला जिजी, उठा." वर्षानुवर्षं असंच चाललेलं.

टॉवर उभे राहिले तशा बसच्या फेऱ्या वाढल्या, हे खरंच आहे. नव्या गाड्या आल्या, आपोआप मिटणारी दारं आली, पुढचा थांबा सांगणारा रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला. आमच्या सोसायटीतले लोक त्या बसमध्ये क्वचितच बसतात. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या बाया बसतात, वॉचमन बसतात. तरी थांब्याचं नाव टोचलं ते गाडीवाल्यांनाच. मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, "मळा म्हटलं की लोकांना वाटतं, इथे म्हशी बांधल्यात." सगळे हसले. आणि मी? मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. त्या म्हशींचं शेण मी उचललेलं होतं ना — म्हणून.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. तुम्ही इथले मूळचे, तुमची हरकत नसेल तर नाव बदलून घेऊ. तुमची हरकत नसेल तर! एवढंच विचारलं होतं हो. नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी पेरूचा मळा राहिला असता. मी म्हणालो, माझी कसली हरकत? वर स्वतः ओळखी काढल्या, चार ठिकाणी हेलपाटे घातले. मळ्यातल्या माणसाचीच मागणी आहे म्हटल्यावर कुणी आडकाठी केली नाही.

नवं नाव कुठल्या सोमवारपासून लागणार, ते मला आधी कळलं होतं. जिजीला सांगायला हवं होतं. भिंतीपलीकडे तर होती ती. पण काय सांगणार — तुझ्या सासऱ्याच्या मळ्याचं नाव मी पुसून आलो? आज सांगू, उद्या सांगू. रविवारी तिच्याकडे गेलोही. तिने चहा टाकला, कोथिंबिरीची जुडी हातात ठेवली. "बाळू, जेवून जाय ना," म्हणाली. मी घाईचं निमित्त केलं. चहा पिऊन झाला होता, तिच्यासमोर बसलो होतो — सांगायला कितीसा वेळ लागला असता?

सोमवारी नेमका नेहमीचा कंडक्टरही नव्हता. नवा होता, सुरगाण्याकडचा, रस्ता त्याच्या ओळखीचा नव्हता. जिजीकडे पास असल्यामुळे तिकीट काढताना नावाचा विषय निघालाच नाही. थांब्यावरचं पेरूचं झाड केव्हाच गेलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साइटचे उंच पत्रे. बसमध्ये आवाज आला, 'पुढील थांबा, ब्लू ऑर्चर्ड हाइट्स.' जिजी बसून राहिली. का उठेल? तिचा थांबा आलाच नव्हता.

पुढचं त्या कंडक्टरनेच सांगितलं. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, मळा आला का रे? त्याने मशीनमध्ये बघितलं. "आसा थांबाच नाय आजी या गाडीला," तो म्हणाला. खोटं नव्हता बोलत. शेवटच्या थांब्यावर तिला उतरावं लागलं. तो थांबा म्हणजे उघडं माळरान — प्लॉट पाडलेले, घर एकही नाही. लोक राहायला येतील तेव्हा येतील, बस आत्तापासून तिथे जाऊन वळते. गाडी निघायला वेळ होता म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर डबे उघडून बसले. जिजीला वाटलं असेल, भलत्याच गाडीत बसले, आता चालतच जावं. तिचा फोन घरी खुंटीला टांगलेला. बाहेर नेला की हरवतो असं तिचं म्हणणं. एप्रिलचं ऊन. रस्त्याकडेचे कडुनिंब रुंदीकरणात गेलेले. त्या पत्र्यांच्या कडेकडेने ती चालत राहिली.

उन्हं कलल्यावर एका साइटच्या वॉचमनने मला बोलावून नेलं. जिजी पत्र्याला टेकून बसलेली होती, पदर तोंडावर घेतलेला. रिकामी पाटी मांडीशी नीट उभी करून ठेवलेली. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिथून आमची इमारत दिसत होती.

घरी माणसं जमली. जो तो एकच विचारत होता — रोजची बाई, रोजची बस, उतरली कशी नाही? कंडक्टरही आला होता, हात जोडून सांगत होता, त्या सारख्या मळा मळा करत होत्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघालं, "तिला हल्ली भ्रम व्हायचा."

ठरवून नाही बोललो. सहज आलं — इतकं सहज, की माझं मलाच नवल वाटलं. लगेच माना डोलल्या. वय झालं होतं, म्हणाले. एका शेजाऱ्याला तर अशी दोन-चार उदाहरणंही आठवली! कंडक्टर डोळे पुसत घरी गेला. आता मी म्हणू शकतो, की त्याच्या नोकरीवर गदा येऊ नये म्हणून मी तसं बोललो. ऐकायला बरं वाटेल. पण तो माझ्या मनातही नव्हता. थांब्याचं नाव कुणाच्या डोक्यात येऊ नये, एवढंच मला हवं होतं. आणि नाही आलं.

जिजीला भ्रम नव्हता. अख्ख्या भावकीच्या सोयरिकी तिला तोंडपाठ होत्या. माझ्या मुलीचा वाढदिवस मी विसरायचो, ती विसरायची नाही.

दहाव्याला सुनंदाने मला बाजूला घेतलं. "दादा, फोनवर तर नीट बोलायची रे आई. खरंच भ्रम व्हायचा का तिला? मग मला कसं नाय कळलं?" तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "शेवटी शेवटी व्हायचा." ती भिंतीला डोकं टेकून रडली — आईकडे आपलं लक्ष राहिलं नाही म्हणून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. त्या हाताची मला आजही किळस येते.

त्यालाही आता काही वर्षं झाली. दूध उतू गेलं, किल्ली सापडली नाही, कुणाचं नाव पटकन आठवलं नाही, की सुनंदाचा फोन येतो. आईचं दुखणं मला लागलं का रे? डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. तिला पटत नाही. पूर्वी देवळ्याहून एकटी बसने यायची. आता नवरा आणून सोडतो. उतरायचं कळलं नाही तर, म्हणते.

या भाऊबीजेला आली होती. मी पाटावर बसलो. तबकात निरांजन होतं, कुंकू होतं, अक्षता होत्या. सुपारी राहिली होती. बायकोने हसत हसत आतून आणून दिली. सुनंदा हसली नाही. तबक हातात धरून तशीच उभी राहिली.

"बघ दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "झालं सुरू माझं बी. आईसारखं."

ती माझ्याकडेच बघत होती. मी टोपी सारखी केली आणि कपाळ पुढे केलं.