बाळंतिणीची बाज

साल एकोणीसशे बहात्तर, मी सव्वीस वर्षांचा. बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून बाळंतिणीची बाज मी घरीच केली, बाभळीची. चारी पायांची मापं ज्वारीच्या एकाच ताटानं घेतली, सुताराला विचारलंसुद्धा नाही. आतल्या खोलीत मांडली तर बाज डुगडुगायला लागली. वर तान्हं लेकरू निजणार आणि खाली निखाऱ्याची शेगडी. आई म्हणाली, "हिच्यावर बाळंतीण निजवायची का झुलवायची रं?" मी चिडून एक पाय कापायला करवत घेतली. तेवढ्यात बायकोचा भाऊ आला. तो भिंगारला मोटारीच्या कारखान्यात कामाला. त्यानं पिशवीतून हातभर लांबीचा पोलादी व्हर्नियर काढला, केसाएवढाही फरक दाखवणारं माप ते. "पावनं, बाभळीला सोनाराचं माप कशाला?" मी म्हणालो. बाज करताना पडलेल्या बाभळीच्या भुशाचा उग्र वास सुटला होता, त्यात बसून त्यानं चारी पाय मोजले. "दाजी, करवत ठेवा. चारीबी सारखे हायेत." मग आम्ही बाज उचलून ओट्याच्या फरशीवर ठेवली, तर ती जागची हलली नाही. वाकडी होती ती खोलीची भुई. परवा नातू घरच्या लाकूडकामाला आकडे दाखवणारं माप घेऊ का विचारत होता. घे म्हणालो, हात खरा असला तरी साक्षीदार लागतो. त्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळीच मी खोलीची भुई उकरली, मुरूम टाकून चोपली, बाज मांडली आणि आधी आईला तिच्यावर बसवलं.