उणे तीस

माझी वहिनी लोकांच्या घरांचे नकाशे काढते. एका इंजिनीयरसाठी, घरी बसून. जिना कुठे वळतो, दार आत उघडतं की बाहेर, ओट्यापाशी एक माणूस उभा असताना मागून दुसरा जाऊ शकतो का, हे तिला विचारावं. चण एवढीशी आणि आवाज इतका बारीक, की पंचेचाळिशी उलटली तरी फोनवर लोक तिला म्हणतात, "बाळ, आईला दे जरा." म्हणूनच माझा दादा तिला 'सरकार' म्हणायचा. "सरकार झोपलंय, हळू बोल." "माझी काही हरकत नाही, पण सरकारला विचार." ती लटकं रागवायची, मग त्याला आणखीच चेव यायचा. सव्वीस वर्षं हा प्रकार चालला आणि दोघांपैकी एकालाही त्याचा कंटाळा आला नाही. मला मात्र यायचा.

दादा गेला तो कारखान्याच्या जिन्यात. संध्याकाळी कामावरून निघाला, तीन पायऱ्या उतरला आणि बसला, तो बसलाच. त्या वेळी वहिनी घरी कॉम्प्युटरवर काम करत होती. तो कॉम्प्युटर दादाने तिच्या नकाशांसाठी स्वतः जुळवला होता, एकेक भाग पारखून आणून. फोन वाजला म्हणून ती उठली. फोन ठेवून वळली, तर मागे स्क्रीन काळा झालेला.

हे तिने मला दीड महिन्याने सांगितलं. तेही मी तिच्या घरी जाऊन धडकले म्हणून, आणि धडकले ती इंजिनीयरचा फोन आला म्हणून. त्याने नवीन ऑफिस उघडलं होतं आणि तिथे बसून करायचं नकाशांचं सगळं काम वहिनीवर सोपवायची त्याची इच्छा होती. महिनाअखेरपर्यंत तो थांबणार होता. "पण त्या म्हणतात, मला खुर्चीतून उठता येत नाही," तो म्हणाला. "त्यांना काही झालंय का?"

दार नुसतं लोटलेलं होतं. कडी काढायला उठावं लागू नये म्हणून ते दिवसभर तसंच असायचं, हे मला नंतर कळलं. वहिनी खुर्चीत होती. टेबलावर थर्मास, बिस्किटांचा पुडा आणि सकाळच्या ब्रेडचे कोपरे. तिचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते.

"ये वन्सं, बस," ती म्हणाली. मी धाकटी, तरी ती मला चेष्टेने वन्संच म्हणते. स्क्रीनवरची नजर मात्र तिने काढली नाही.

"पायांचं काय करून घेतलंयस?"

"उठता येत नाही गं."

"का? गुडघे?"

"नाही. मी उठले की हे जातात."

मग तिने मला दाखवलं. हातातला नकाशा सेव्ह केला, टेबलावर हलकेच थाप मारून "आले हं लगेच" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मी घड्याळ लावून समोर उभी राहिले. पाच मिनिटं काही नाही. सहाव्या मिनिटाला स्क्रीन काळा झाला आणि पंखा थांबला. ना ठिणगी, ना आवाज. खोली इतकी गप्प झाली की आतला नळ ठिबकताना ऐकू आला. मग आपोआप पंखा फिरायला लागला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला.

"गेले ना?" वहिनीने आतूनच विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला, आणि अंगावर काटा आला की मला राग येतो. "दादा कारखान्याच्या जिन्यात गेला, वहिनी. ह्या डब्यात नाही गेला." बोलले आणि जीभ चावली. ती बाहेर आली. खुर्चीत बसली आणि हळूच "सॉरी हं" म्हणाली. मला नव्हे, स्क्रीनला.

मी विजेचे मीटर तपासते. लोकांवर संशय घ्यायचा मला पगार मिळतो, असं दादा म्हणायचा. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, ऑफिसातला मल्टीमीटर पिशवीत घालून मी परत गेले. भुताचं डोकं फिरलं असेल, तर त्याचीही दुरुस्ती करू, या तयारीने.

भिंतीतल्या प्लगचं व्होल्टेज बघितलं, ठीक होतं. एक्स्टेंशन बोर्ड बदलला. एका सहकाऱ्याकडून वीजपुरवठ्याचा डबा उसना आणून जोडला. मेमरीच्या दोन पट्ट्या आलटून पालटून, एकेक लावून बघितल्या. प्रोसेसरवरचा लेप पुसून नवा लावला. कॉम्प्युटर स्वतःच्या घडामोडींची नोंद ठेवतो, तीही उघडली. तिथे दर वेळी एकच वाक्य: यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. एवढं तर मला शेजारीणही सांगू शकली असती.

शेवटी मी कॉम्प्युटरला कामाला जुंपलं. प्रोसेसरला पुरता राबवणारा एक प्रोग्राम असतो, तो सकाळी दहाला लावला आणि वहिनीला म्हटलं, "आता तू खुशाल ऊठ. अंघोळ कर, गच्चीवर जा, काय हवं ते कर." ती दबकतच उठली. पंखा भणभणत होता, प्रोसेसर तापत होता, आणि संध्याकाळी सहापर्यंत कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

"बघ," मी म्हणाले. "आठ तास तू खुर्चीत नव्हतीस. कोण गेलं?"

वहिनीचा चेहरा पडला. मला वाटलं, भीती गेली म्हणून तिला हायसं वाटेल. ती एवढंच म्हणाली, "तू आहेस ना इथे, म्हणून असेल." मी कपाळाला हात लावला, प्रोग्राम बंद केला आणि म्हटलं, "जा, चहा टाक." ती आत गेली. भांडं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला, मग कपांचा. आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळा झाला.

त्या क्षणी मीसुद्धा मागे वळून दाराकडे बघितलं. खोटं कशाला बोलू.

मदरबोर्डबरोबर येणारी माहितीपुस्तिका दादा फेकणाऱ्यांतला नव्हता. ती शोधायला मी कपाटावरचं खोकं काढलं, तर पुस्तिकेखाली एक शाळकरी वही निघाली. दादाचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर. मी उभ्याउभ्या वाचायला लागले.

*कोअर १, उणे तीस. सरकारला चहाला उठवलं. दोन चहा ठीक.*

*कोअर २, उणे तीस. दोन चहा ठीक.*

*कोअर ३, उणे तीस. पहिल्याच चहाला गेला. उणे बावीस केला. चार चहा ठीक.*

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनीला अर्धशिशी आहे, आणि पंख्याची घरघर सुरू झाली की तिचं डोकं उठतं. प्रोसेसरला व्होल्टेज कमी दिलं की तो कमी तापतो आणि पंखा हळू फिरतो. प्रोसेसरचे सहा कोअर, म्हणजे काम करणारी सहा डोकी. दादा एकेकाचं व्होल्टेज कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा तीस पायऱ्या खाली उतरवत होता. गंमत अशी, की कमी व्होल्टेजचा कोअर कामात असताना तग धरतो. काम संपलं की तो डुलकी घेतो, व्होल्टेज आणखी खाली येतं, आणि तेव्हा तो उठतच नाही, अख्खा कॉम्प्युटर बंद पडतो. म्हणून चाचणी घ्यायची, तर काम थांबवावं लागतं. आणि वहिनीचे हात ती खुर्चीतून उठल्याशिवाय थांबत नाहीत.

भार नसताना काय होतं, हे मी रोज बघते. काही जोडलेलं नसताना मीटर पुढे सरकतो का, ही आमची रोजची तपासणी. आणि इथे मी आठ तास त्याला राबवत बसले होते. दादाने हे ऐकलं असतं, तर आठवडाभर पिदवलं असतं मला.

वहिनीने वही हातात घेतली. वाचता वाचता तिचा हात तोंडाशी गेला. "मला वाटायचं, केवढा हा चहाबाज माणूस! एकसारखं आपलं, सरकार, चहा टाक. मी म्हणायचे, मी काय चहावाली आहे? आणि अर्धा कप तर तसाच टाकून द्यायचे गं हे."

शेवटची नोंद दादा गेला त्या दिवसाची होती, सकाळची.

*कोअर ६, उणे तीस. पंखा आता ऐकूच येत नाही. संध्याकाळी चहाला बघू.*

वहिनीने ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली.

मग मी बायोस उघडला. कॉम्प्युटर सुरू होण्याआधीच्या त्या पडद्यावर दादाने ही सगळी जुळणी नाव देऊन ठेवली होती. नाव होतं 'सरकार'. पाच कोअर त्याने पारखलेले, सहावा उणे तीसवर, परीक्षेविना. मी सहावा उणे वीसवर आणला आणि म्हणाले, "ऊठ."

पहिला चहा झाला. दुसरा झाला. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला हाताला धरून भाजी आणायला घेऊन गेले, तासाभराने परत आलो. स्क्रीनवर तिचा नकाशा होता तसा होता. पंख्याचाही आवाज नव्हता. मी स्वतःवर इतकी खूश होते, की पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाले, "झालं! आता दिवसभर बाहेर राहा. त्याला काही होत नाही."

वहिनी स्क्रीनकडे बघत उभी राहिली. "मी गेले," ती म्हणाली, "आणि त्यांना काही वाटलंच नाही." मग ती तिथेच, भाजीच्या पिशवीशेजारी, जमिनीवर बसली आणि रडायला लागली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तिचा तो बारीक आवाज एवढा मोठा होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. तिला मी जवळ घेतलं. दीड महिना तो तिच्यापाशी होता, आणि मी येऊन दहा पायऱ्यांत त्याला घालवलं होतं.

वहिनीने इंजिनीयरच्या ऑफिसातलं काम घेतलं. पायांची सूज उतरली. तिथल्या दोन पोरांना ती म्हणे त्याच बारीक आवाजात असं झापते, की इंजिनीयरही त्या वेळी केबिनबाहेर येत नाही. मला बरं वाटलं. तरी तिच्या घरी जायला माझे पाय निघेनात. दोन महिने मी काही ना काही कारण काढून टाळलं.

गेले तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती. पर्स खांद्यालाच होती, आणि वाकून स्क्रीनवर कॉम्प्युटरची ती बंद पडल्याची नोंद बघत होती.

"काय बघतेस?"

"आज दोनदा गेलेत," ती म्हणाली. चेहरा खुलला होता.

मी वहिनीकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे. "सहावा परत तीसवर नेलास?"

"नेला." तिने शांतपणे पर्स खुंटीला अडकवली. "नकाशे ऑफिसात होतात आता. हा घरचा आहे. काय होतंय ते मला कळतं, वन्सं, वेडी नाही झाले मी. कोअर झोपतो आणि उठत नाही. पण मी गेल्यावर झोपतो ना?"

चुकीचा मीटर मी त्याच दिवशी भिंतीवरून उतरवते. त्यावर सही माझी असते. हा मात्र मी तसाच राहू दिला.

वहिनी चहा टाकायला गेली. मी तिच्या खुर्चीत बसले. उगाच माऊस फिरवला, तिचा एक जुना नकाशा उघडला, जिना मोजला. दादा गेल्यापासून मी वहिनीला सांभाळलं, कागदपत्रं केली, प्लग तपासले. रडले मात्र नव्हते. वेळच मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. मी उठले. उठताना, आतून ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणाले, "दादा, येते रे."

आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं झाली. आठ झाली. दहा झाली. स्क्रीन आपला लख्ख. मला माहीत होतं, हे व्होल्टेजचं काम आहे, कधी होतं, कधी नाही. तरी मी मिनिटं मोजत राहिले. तिच्यासाठी दिवसातून दोनदा, आणि मी लहानपणापासूनची बहीण, मी उठून गेले तर ह्याला काहीच नाही.

वहिनी दोन कप घेऊन दारात उभी होती. कधीची, कोण जाणे.

"एका चहात नाही होत," ती म्हणाली. "थांब."

आम्ही उभ्यानेच चहा प्यायलो. वहिनी आत जाऊन आणखी दोन कप घेऊन आली. दुसरा मला जाईना, तरी घोट घोट घेत राहिले. अर्धा कप उरला असेल, तेव्हा स्क्रीन काळा झाला. पंखा थांबला. आतला नळ ठिबकला. मग पंखा पुन्हा फिरायला लागला.

वहिनीने खोक्यातून वही काढली. दादाच्या शेवटच्या ओळीखाली आता दोन पानं तिच्या अक्षरात भरली होती. तिने तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली: *कोअर ६, उणे तीस. दुसऱ्या चहाला गेले.*

"माझ्या नावाने लिही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं, आणि पुढे लिहिलं, *वन्सं उठल्यावर.* मग तिने माझ्या हातातला उरलेला अर्धा कप काढून घेतला, आणि मला रडू फुटलं.