मिठागराच्या कोठीचं कुलूप

"कुलपाला घाई कळत नाय," असं कान्हू म्हणायचा. चहा उकळला नाही तरी म्हणायचा, रोह्याची शटल उशिरा आली तरी म्हणायचा, आणि कुणाच्या मुलीचं लग्न जमता जमेना, तर तिच्या बापाच्या खांद्यावर हात ठेवून हेच म्हणायचा. बाप मनात म्हणे, माझ्या पोरीचं नि कुलपाचं काय नातं. पण जगात जे जे अडलेलं दिसे, ते कान्हूला कुलूपच वाटे.

कासू स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगाला चालत निघालं की भातखाचरं संपतात, मिठागरं लागतात, आणि तिथे बांधाच्या अलीकडे आमचं गाव आहे. कान्हू रोह्याला एका कंपनीत फिटर होता. शिफ्ट संपली की रोह्याच्या बाजारात आणि सुट्टीच्या दिवशी पेणला, भंगाराच्या ढिगापाशी तो उकिडवा बसलेला दिसे. इतर माणसं भंगारात पत्रा बघतात, नळ बघतात. हा जुनी कुलपं बघायचा, आणि तीही बंद असलेली, किल्ली हरवलेली. भंगारवाल्याने एखाद्या कुलपाबरोबर किल्लीही काढून दिली तर तो कुलूप परत ठेवी. "किल्ली असल्यावर त्यात काय राहिलं," म्हणे.

एक्क्याण्णव साली त्याच्या ओटीवरच्या फळीवर साठ-सत्तर कुलपं झाली होती. एक उंटाच्या आकाराचं पितळी होतं. एक दोन किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय उघडत नसे. एकाचं भोक खोट्या रिबिटीखाली लपलेलं, ती रिबिट अंगठ्याने सरकवायची हे कळायला कान्हूला अख्खा श्रावण गेला. पण त्याने एकही कुलूप कधी फोडलं नाही. सायकलच्या तारा, छत्रीच्या काड्या, तुटलेली हॅक्सॉ ब्लेडं तो जमवी. कानसीने घासून, चुलीत लाल करून, तेलात विझवून त्यांचं एकेक हत्यार करी. एका कुलपाचं हत्यार दुसऱ्याला चालत नसे. प्रत्येकाला दोरा बांधून तो ते त्या त्या कुलपाशेजारी टांगून ठेवी.

त्याची बायको सरू विहिरीवर सांगायची, "सत्तर सवती फळीवर बसल्यात गो माझ्या. आणि धूळ पुसायची ती पण मीच."

गावाने त्याचं नाव कुलप्या पाडलं होतं. त्याला त्याचा राग नव्हता. पेणहून एक मास्तर मुद्दाम कुलपं बघायला आले, तेव्हा आम्हीच त्यांना मिरवत त्याच्या ओटीवर घेऊन गेलो. असला माणूस आमच्या खाडीकाठी आहे, याचा आम्हाला अभिमान होता. मला तर फार होता. तो अभिमान नसता तर पुढचं लिहिताना हात इतका जड झाला नसता.

कान्हूचा चुलतभाऊ नाथा. कान्हूपेक्षा सहा वर्षांनी लहान, मिठागरावर कामाला. तो फार प्यायचा. प्याला की बायकोला, बायजाबाईला, मारत नसे, पण घरी येतच नसे. बांधावर, स्टेशनावर, गडबच्या नाक्यावर गुत्त्यापाशी, कुठेही पडलेला सापडे, आणि ती त्याला शोधत हिंडे.

आमच्या बांधावर देवीचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चार खांब आणि वर कौलं. दोन खांबांना जाड साखळी बांधलेली आहे. कुणाला काही सोडायचं असलं, दारू, जुगार, तंबाखू, तर त्याने आईसमोर साखळीला कुलूप लावायचं आणि किल्ली ओहोटीच्या पाण्यात टाकायची. ओहोटी ती समुद्रात नेते, मग कुलूप उघडायला कुणी उरत नाही. पण माणसं बाजारातलं पत्र्याचं हलकं कुलूप आणतात. होळीपर्यंत ते गंजतं, नवसही गंजतो.

नाथाने पंच्याऐंशी साली कुलूप लावलं ते असं तसं नव्हे. बंद पडलेल्या जुन्या मिठागराच्या कोठीचं, इंग्रजांच्या वेळचं, दीड शेर वजनाचं. त्याची किल्ली मळसूत्रासारखी पेचाची होती. कुणी विचारलं, एवढं कशाला, तर म्हणाला, "माझी दारू मोठी हाय. कुलूप पण मोठं पायजे." सगळ्या गावासमोर त्याने किल्ली पाण्यात टाकली, आणि त्या दिवसापासून नऊ वर्षं थेंबाला शिवला नाही. सकाळी मिठावर जाताना तो त्या कुलपाला हात लावून जाई. बायजाबाईच्या अंगावर मांस चढलं. ती हसायला लागली.

ती नऊ वर्षं कान्हूही त्याच बांधावरून जात होता.

फळीवरचं शेवटचं कुलूप उघडलं आणि त्याला काही सुचेना. जगात पेचाची कुलपं असतात, हे त्याने ऐकलं होतं, पण भंगारात त्याला कधी मिळालं नव्हतं. आणि इथे एक होतं, घरापासून पाचशे पावलांवर. "मी काय त्याचा नवस मोडायला जातोय," तो सरूला म्हणाला. "फकस्त बघतो."

सरू म्हणाली, "आईचं हाय ते."

"आईला पण कळू दे की, आत काय हाय."

बघता बघता सात महिने गेले. तो मेणाची कांडी आत घालून छाप घेई, मग कंपनीतल्या लेथवर पेच काढी. पेचाचा आटा एका केसाने चुकला की पेच आत फिरत नसे. असे तेरा पेच वाया गेले. चौदावा घेऊन चौऱ्याण्णवच्या फाल्गुनात, भर दुपारी, मिठावर सगळी माणसं असताना, तो देवळात गेला. पेच सहा वेढे सरळ आत गेला आणि कुलूप उघडलं.

त्याने ते हातात घेऊन बघितलं. आतली माती फुंकली, तेलाचा एक थेंब सोडला, आणि होतं तसं साखळीला परत लावलं. कुणी पाहिलं नव्हतं. तो तिथून घरी गेला असता, तर आजही कुणाला काही कळलं नसतं. पण हे कुलूप किती कठीण आहे, ते गावात फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं. कान्हू आनंदात थेट त्याच्याकडे गेला.

नाथा फळीने मीठ ओढत होता.

"नाथा," कान्हू म्हणाला, "तुझं कुलूप उघडलं रे मी. सात महिने लागले."

नाथाच्या हातातली फळी थांबली. "उघडलं?"

"परत लावलं ना. होतं तसंच. वर तेल पण दिलंय."

"पण उघडलं."

"अरे, गंमत बघ ना. सहा आटे हायत आत."

नाथाने फळी मिठावर आडवी टाकली. मग म्हणाला, "दादूस, तू आत्ता बोललास ना, तेव्हा माझ्या गळ्याखाली कट्ट झालं."

तो त्या दिवशी कामावरून घरी आला, जेवला. दुसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी बायजाबाई डोक्यावर पदर न घेता, भर दुपारची गडबच्या रस्त्याने धावत गेली.

कान्हूने काय काय केलं नाही. त्याने त्या कुलपाच्या भोकात शिसं ओतलं. नाथा म्हणाला, "आता ते कुलूप नाय, गोळा झाला." मग कान्हूने फळीवरची सगळी कुलपं पोत्यात भरून त्याच्या अंगणात ओतली. "यातलं कुठलं पायजे ते लाव. नवीन नवस कर. किल्ली मी स्वतः बनवतो, तूच टाक पाण्यात."

नाथा शुद्धीवर होता. त्याने एकेक कुलूप उचलून पाहिलं, उंटाचं, दोन किल्ल्यांचं, सगळी. मग शांतपणे म्हणाला, "तुला उघडत नाय, असं कंचं हाय?"



"हत्यारं टाकतो खाडीत," कान्हू म्हणाला. "सगळी."

"टाकशील. आणि हात?"

कान्हू देवळातल्या भगताकडे गेला. भगताने सुपारी फिरवली, डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. लावणाऱ्याने उघडलं तर काय होतं, ते त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याने उघडून परत लावलं तर काय, हे त्याच्या बापाने त्याला सांगितलंच नव्हतं. असं कुणी करील, हे बापाला तरी कुठून सुचणार.

बायजाबाई एकदाच कान्हूच्या ओटीवर आली. भांडली नाही. उंबऱ्याला टेकून म्हणाली, "दादूस, तुमाला सगळं उघडता येतं. आता एक बंद करून दाखवा."

सरूने तिला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही.

पुढची दोन वर्षं कान्हू कामावरून उतरला की घरी न जाता नाथाला शोधायला जाई. सापडला की खांद्यावर घेऊन आणी. पावसात चिखलात, उन्हात बांधावर. नाथा त्याला शिव्या देत नसे, उलट विचारी, "दादूस, दमलास काय रे?" ते ऐकायला कान्हूला जास्त जड जाई. शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर नाथाचे डोळे पिवळे झाले. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता एक घोट घेतला तरी मी जबाबदार नाही. महिनाभर तो खाटेवर होता. कान्हूने रजा टाकली आणि खाटेशी बसला, पेज भरवली, पाय चेपले.

दिवाळीच्या आधी एका दुपारी नाथा उठून बसला. अंगात सदरा घातला, भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आला.

"कुठं रे?" कान्हूने विचारलं.

"जरा गडबपर्यंत."

कान्हू दारात आडवा उभा राहिला. नाथाने राग न धरता त्याच्याकडे बघितलं. "सर बाजूला," तो म्हणाला. "मला नाय जमत. मी काय मुद्दाम करतो?"

कान्हू सरला. नाथा अंगणात उतरला, कुंपणाच्या काठीला धरून जरा थांबला, आणि बांधाच्या वाटेला लागला. त्याला बांधून ठेवता आलं असतं, दोघा-चौघांनी धरून आणता आलं असतं. तसं मागे केलंही होतं. कान्हूने चपला पायात घातल्या आणि तो मागून निघाला, दहा पावलं अंतर राखून. नाथा थांबला की तो थांबे, नाथा चालला की तो चाले. भात कापणीला आलं होतं, दोघेही कमरेच्या वरच दिसत होते. बायजाबाई आणि सरू एकाच उंबऱ्यावर उभ्या होत्या. दोघींनी हाक मारली नाही. मी विहिरीपाशी घागर तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत होतो, आणि वळणावर आधी नाथा, मग कान्हू दिसेनासा झाला, तरी त्या दोघी तशाच उभ्या होत्या.