भाऊजी आणि तिसरा सर्व्हर

माणसाचा अंत पाहण्याची कला आमच्या भाऊजींइतकी जगात कुणालाही साधलेली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान खोपोलीच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतात. मी त्यांच्या हाताखाली. नोकरी त्यांनीच लावून दिलेली, त्यामुळे तक्रारीला जागाच नाही.

त्यांचं मुख्य वेड घड्याळांचं. जोडीने काम करणाऱ्या सर्व्हरांची वेळ सेकंदाला जुळावी लागते, कबूल. पण म्हणून टपरीवरचं, न्हाव्याकडचं, दिसेल ते घड्याळ स्टुलावर चढून नीट करायचं? मला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि भाऊजी स्टुलावर. "पाच मिन्टं मागं हाय," एवढंच ते माझ्या होणाऱ्या सासऱ्यांशी बोलले. शिवाय चालत्या सर्व्हरची वायर न सांगता उपटायची खोड आहेच. एक पडला तर दुसरा काम उचलतो का, ते बघायचं असतं म्हणे. एका रविवारी मोबाइल बंद करून हे भिवपुरीला मासे पकडत बसले, आपल्यावाचून घर चालतं का ते बघायला. घर उत्तम चाललं होतं. संध्याकाळी ताईने त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

गेल्या महिन्यात दोन जुन्या सर्व्हरांच्या जोडीला तिसरा आला. मला वाटलं, दोन तासांचं काम. भाऊजींनी तीन दिवस घेतले. जुन्यांकडे नव्याचा नाव-पत्ता लिहिला, नव्याकडे जुन्यांचा, आणि अक्षर न् अक्षर मला मोठ्याने वाचायला लावलं. मग एक दिवस त्याला काम न देता नुसता बसवून ठेवला. "बघू दे रं त्याला आदी. नवीन हाय."

"दोन नीट चालतायत ना भाऊजी? तिसरा हवाय कशाला?" मी वैतागून विचारलं.

"दोगांमदली वायर तुटली ना, का दोगांना वाटतं दुसरा मेला. मंग दोगंबी मालक. एकाच जागी दोगंबी लिवत बसतात, सगळा इस्कोट. तिसरा आसला म्हंजे तो ज्याच्या बाजूला, त्याचंच चालतं."

एवढं बोलून ते हातातली वायर उगाच गुंडाळत बसले. का, ते मला ठाऊक होतं. वडील गेल्यावर लोधिवलीचं शेत भाऊजींनी एकाला कसायला दिलं आणि त्यांच्या दादांनी दुसऱ्यालाच. एकमेकांना विचारलं कुणीच नाही. लावणीच्या दिवशी दोन माणसं भाताची रोपं घेऊन एकाच बांधावर हजर! तेव्हापासून चार वर्षं भावाभावांत बोलणं बंद. मध्यंतरी दादा दवाखान्यात होते, तेही भाऊजींना तिऱ्हाइताकडून कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

तिसरा सर्व्हर एकदाचा जोडला. भाऊजींनी सवयीने पहिल्याची वायर उपटली, कारखान्यात कुणाला पत्ताही लागला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकून डबा उघडला, तर म्हणाले, "रविवारी मोकळा हायेस का रं? दादाकडं जायचं म्हनतो. तू आमच्या दोगांच्या मदी बस. बोलू नको काय. निस्ता बस."

गेलो आणि बसलो. एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला दादा. समोर भिंतीवरचं घड्याळ चांगलं पंधरा मिनिटं मागे, आणि कोपऱ्यात स्टूल! आता हा माणूस सगळं घालवणार म्हणून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. भाऊजींनी भिंतीकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. मग मनगटावरचं घड्याळ काढलं आणि पंधरा मिनिटं मागे घेतलं.

दादा ते बघत होते. जरा वेळाने आत वळून म्हणाले, "चा टाक गं. धाकटा आलाय."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींनी ते घड्याळ अजून पुढे केलेलं नाही. रोज पंधरा मिनिटं उशिरा कामावर येतात, आणि मी काही बोलत नाही.