नवरी उचलण्याची तालीम

आमच्या वडगाव निंबाळकरात लग्नाच्या दिवशी मामानं नवरीला दोन्ही हातांवर उचलून बोहल्यापर्यंत न्यायचं असतं. अलीकडं बरेच मामा नुसता हात धरून चालवत आणतात, त्यात काही पाप नाही. पण सावळारामतात्यांना ते पटणारं नव्हतं. धाकटी बहीण द्वारका विधवा होऊन माहेरी आली तेव्हा राजनंदिनी तिच्या कडेवर होती. ती वाढली तात्यांच्या घरात, शाळेत गेली तात्यांच्या मोटारसायकलवर, आणि रुसून उसात जाऊन बसली की तिला शोधून आणायचेही तात्याच.

तिचं लग्न ठरलं इंदापूरकडच्या निरवांगीत. सोयरीक झकास. घोडं अडलं ते तात्यांच्या रक्तदाबापाशी.

बीपी वाढलंय हे कळल्यापासून त्यांच्या मंडळींनी, म्हणजे विजयमालाकाकूंनी, त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नव्हती. दुधाच्या किटलीला हात लावला की ओट्यावरून आवाज यायचा, "ठेवा ती खाली!" ज्या माणसानं तरुणपणी उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरले, तो आता कोथिंबीर निवडत बसायचा. वर काकूंनी जाहीर करून टाकलं की नवरीला कुंडलिकराव उचलतील. ते तात्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे मामाच, आणि तब्येतीनं खणखणीत. तात्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी शेजारचा, म्हणून मन मोकळं केलं. म्हणाले, "हिच्या बापाच्या जागी मी हुबा ऱ्हायलो, आन् उचलायच्या टायमाला कुंडलिक?"

मग त्यांनी जे केलं ते फक्त ऊस भरणाऱ्या माणसालाच सुचू शकतं. गोठ्यात सरकी पेंडीचं पोतं होतं. नवरीचं वजन साधारण तेवढंच, असा हिशोब करून ते दुपारी सगळे आडवे झाल्यावर गोठ्यात गेले. मोळी उचलताना कोंडायचे तसा पोटात गच्च दम कोंडला, दात आवळले आणि पोतं छातीशी घेतलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पोतं गव्हाणीत, तात्या पोत्यावर, आणि म्हैस दोघांकडं बघत निवांत रवंथ करतेय. मी पोचलो तेव्हा काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

बारामतीच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो. वाटलं, आता हे तात्यांना खाटेलाच बांधतील. त्यांनी तपासलं, गोळी बदलली आणि बीपी आटोक्यात येईपर्यंत काहीही उचलायचं नाही असं दटावलं. पण पुढं म्हणाले, "नंतर मात्र वजनं उचला. हलकी घ्या, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली घ्या. अंगात ताकद आली तर बीपीलाही बरंच असतं. त्या दिवशी तुम्ही पोतं उचललं ते चुकलंच, पण दम कोंडलात ते जास्त चुकलं. दम कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं." काकूंनी तिथंच अट घातली. लग्नाआधी डॉक्टर हो म्हणाले तर तात्या, नाहीतर कुंडलिकराव.

जळोचीतल्या एका जिममध्ये श्रेया नावाची मुलगी वयस्कर लोकांकडून व्यायाम करून घेते. तिनं पहिल्या दिवशी तात्यांच्या हातात गुलाबी रंगाची इवलीशी डंबेल दिली. तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्यो काय बारक्या पोरांचा खुळखुळा हाय व्हय?"

पण त्या खुळखुळ्यानंही त्यांना घाम फोडला, कारण जुनी खोड सुटेना. उचलताना श्वास सोडा, असं ती सांगायची आणि ह्यांचे गाल फुगलेले. शेवटी ती म्हणाली, "तात्या, मोठ्यानं मोजा. बोलणाऱ्या माणसाला दम कोंडता येत नाही."

तात्यांनी मोजायला घेतलं, "लाभ... दोन... तीन..."

धान्य मापताना आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तात्यांना मोजणं तेवढंच ठाऊक. आरशापुढं दंड फुगवणारी पोरं आधी फिदीफिदी हसली, मग तीही लाभ म्हणायला लागली. हळूहळू डंबेल जड होत गेली. खुर्चीवरून उठबस आली, मग वाळूची पिशवी. एकदा काकू खात्री करायला आल्या, आणि नुसतं बसून काय करू म्हणत स्वतःच उठबस करू लागल्या. पुढं त्या तात्यांच्या आधी चपला घालून तयार असायच्या. घरातली बादली कधी तात्यांकडं परत गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लग्न तोंडावर आलं तेव्हा डॉक्टरांनी होकार दिला. गोळी चुकवायची नाही, सकाळी बीपी बघायचं आणि चार पावलांच्या वर मर्दुमकी करायची नाही. तात्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे हसले. मलाही लई बरं वाटलं.

लग्नाच्या दिवशी त्यांनी राजनंदिनीला अलगद उचललं. काकूंच्या हुकमानं कुंडलिकराव बाजूनं चालत होते. तात्यांची टकळी अखंड सुरू. "नंदू, लई जड झालीस गं. मामीनं तूप चारलंय नुसतं."

"मामा, गप चला की. समदी हसत्यात."

"हसू दे. तुझं काय जातंय?"

बोहलं आलं. भटजी म्हणाले, "मामा, ठेवा नवरीला पाटावर."

तात्या बोलायचे थांबले. ठेवेनात, हलेनात. ओठ गच्च मिटलेले. काकू पुढं धावल्या. "अवो, दम कोंडलाय तुमी! सोडा आदी! भावजी, धरा तिला!"

कुंडलिकरावांनी हात पुढं केले. तात्या एक पाऊल मागं सरले.

"दम न्हाय कोंडला गं," ते म्हणाले. "हिला खाली ठेववंना."

राजनंदिनीनं मुंडावळ्या बाजूला सारून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मुहूर्ताची घाई करणाऱ्या भटजींनी हातातलं पुस्तक मिटलं, आणि अक्षता मुठीत धरून सगळा मांडव तात्यांसाठी थांबला.