‘ग्रीव्ह’समोरची रिकामी ओळ

फोन आला तेव्हा मी खकनारच्या शाळेत सातवीला इंग्रजी क्रियापदं शिकवत होते. सर गेले. पोरं बघत राहिली आणि मी खडू धरून तशीच उभी... ज्यांनी मला क्रियापदं शिकवली, त्यांची बातमी नेमकी त्याच तासाला यावी!

सरांची शिकवणी शहरातल्या इतवारा पेठेत, त्यांच्या घराच्या ओट्यावर. आणि काय शिकवणी होती ती! नवं क्रियापद आलं की स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं उभं राहून वाचायचं. सर विचारत, "खरं आहे का?" खरं निघालं की टाळी आणि वहीत लाल पेन्सिलीची खूण! ‘ग्रीव्ह’, म्हणजे शोक करणं, आलं तेव्हा मी ठोकून दिलं की आमची शेळी मेली म्हणून मी शोक केला. सर म्हणाले, "त्या दिवशी काय खाल्लंस?" मी सांगून बसले, "मावा जिलबी. दोन." अख्खा ओटा खो खो हसला. सरांनी वाक्य खोडलं. "बेटा, तू रडून मोकळी झालीस. हे क्रियापद एका दिवसात उरकत नाही. ओळ रिकामी ठेव."

पुढे वडील वारले. तेराव्यानंतर मी वही घेऊन हट्टानं गेले, तर सरांनी ती हळूच मिटली. "आज नुसती रड. वाक्य कुठं पळून जातंय?" नंतर मला ते लिहवलंच नाही. पण सर भेटले की पहिला प्रश्न तोच, "ओळ भरली का?" शेवटच्या भेटीत, खाटेवरूनही, तेच! मी म्हटलं, "भरीन सर, पण खूण तुम्हीच करायची." ते हसले. ती खूण आता राहूनच जाणार, हेच मला सारखं टोचत होतं.

सव्वा महिन्यानं सरांच्या पत्नीला, काकूंना भेटायला निघाले. चौकात जिलबी घेतली, चालता चालता खाल्ली, गोड लागली... आणि तरी सर मनातून हलेनात! मी धावतच ओटा गाठला, पिशवीतली ती वही काढली, लिहिलं, उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल असं इंग्रजीत वाचलं: आज मी जिलबी खाल्ली, तरी सरांसाठीचा माझा शोक चालूच आहे.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांनी विचारलं, "खरं आहे का बेटा?"

"हो काकू."

त्यांनी कोनाड्यातली लाल पेन्सिल काढली आणि वहीत खूण केली.